माझ्यात कुणी थुंकलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. जुनी म्हणजे किल्ल्यातल्या तोफेसारखी नव्हे. माझ्या अंगावर छापलेली मुदत उलटून गेली आहे, आणि आमच्या प्लास्टिकच्या जातीत तेवढं म्हातारपण पुरतं. मी थुंकी साठवण्यासाठी जन्माला आले. आजवर माझ्यात कुणीही थुंकलेलं नाही. बाकीच्या वस्तू आपल्या हातून काय काय झालं ते सांगतात. माझ्या हातून काय झालं नाही ते मी सांगणार आहे, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला माणसाचा हात लागलाच नाही. यंत्रानं ओतलं, यंत्रानं थंड केलं, यंत्रानंच अंगावर नंबर चिकटवला. नंतर माझ्या झाकणात निळं पाणी भरलं. त्याचं काम असं, की थुंकी आत पडली आणि झाकण दाबलं की हे पाणी खाली उतरतं आणि थुंकी महिनोन् महिने नासत नाही. बरणीतल्या लोणच्याची जेवढी काळजी घेत नाहीत, तेवढी इथे थुंकीची घेतात, हे पाहून मला बालपणीच शंका आली होती. पण नवीन नळीला कोण विचारतं.

मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एका खोक्यात शेजारी शेजारी झोपवलं. खोक्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकाच वेळी हसत होते. पुढे मी मिठबावात बरीच वर्षं काढली, पण एक अख्खं कुटुंब एकाच वेळी हसताना मला काही दिसलं नाही. चित्राखाली लिहिलं होतं, 'तुम्ही खरे कोण आहात?' आम्हाला विकणाऱ्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तिनं मला कधी नाव दिलं नाही, मीही तिचं घेत नाही.

आम्हाला मागवलं ओंकारनं. ओंकार मूळचा मिठबावचा, नोकरीला मुंबईत. त्याच्या ऑफिसातला एक जण असाच एका नळीत थुंकला आणि थोडासा इराणी निघाला. तेव्हापासून ओंकारला नुसतं मिठबावचं असणं कमी वाटू लागलं होतं. एका नळीवर दुसरी मिळत होती, म्हणून त्यानं एक स्वतःसाठी आणि एक वडिलांसाठी घेतली. ती दुसरी म्हणजे मी.

मे महिन्यात घरी देवकार्य होतं, तेव्हा तो आम्हाला बॅगेत घालून गावी घेऊन आला. भावकी जमली होती. घरापुढच्या खळ्यात मांडव होता. ओंकारनं खोकं उघडलं तसे सगळे भोवती गोळा झाले, जणू आम्ही मस्कतहून आलेल्या. नियम असा होता, की थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. घरात सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सार शिजत होतं. त्या वासात ओंकार अर्धा तास बसला, आणि बसल्यावर त्याच्या तोंडाला कोरड पडली. थुंकी येईना. तेव्हा त्याची काकी, यशोदा, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तेका वायच सोला दाखवा. तोंडाक पाणी सुटतला."

कोकमाची बरणी त्याच्या नाकासमोर धरली आणि माझी बहीण काठोकाठ भरली. इतक्या मोठ्या विज्ञानाला आमसुलाचा टेकू लागला, याची नोंद कंपनीनं कुठे केली असेल असं वाटत नाही.

माझी पाळी आली नाही. मी होते भाईंच्या वाट्याची. भाई म्हणजे ओंकारचे वडील, घरातले मोठे. त्यांच्या तोंडात पान नाही असा अर्धा तास त्या सुट्टीत आला नाही. ओंकार घड्याळ लावून बसायचा आणि भाई गजालीच्या भरात नवीन पान लावायचे. शेवटी मला परत खोक्यात टाकलं. त्या क्षणी मला फार अपमान वाटला होता. भाईंच्या पानाचे माझ्यावर किती उपकार झाले, ते कळायला ऑक्टोबर यावा लागला.

पण मित्रांनो, खरी चूक थुंकण्यात झाली नाही. ती पुढे झाली, आणि ती अशी चूक होती की आमच्या गावातली माणसंच करू जाणोत.

थुंकी पाठवताना कंपनीचं अ‍ॅप कुळवृक्ष भरायला सांगतं. पूर्वज कोण, हयात नातेवाईक कोण, कोण काय करतं, त्यांचे फोन, गेलेले कशानं गेले. ओंकारला आजोबांच्या पुढचं नाव येईना. त्यानं भाईंना हाक मारली. आता भाद्रपदात म्हाळ घालताना भटजी विचारतात आणि घरचा मोठा माणूस पितरांची नावं एकामागून एक सांगतो, ही भाईंची आयुष्यभराची सवय. कुणी पूर्वज विचारले की ते मांडी घालतात. त्यांनी अ‍ॅपसमोर मांडी घातली. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बाबली. माडावरसून नारळ पडलो डोक्यार. तेचो झील गणपत. सरप चावलो. तेचो झील माझो आजो. तो गेलो हट्टान."

"बाबा, हट्ट असा काय नाय हयसर. आजार सांगा," ओंकार म्हणाला.

"मगे 'इतर' लिही. पण हट्टानच गेलो."

असं करत ते आपल्या धाकट्या भावापर्यंत आले. तिथे त्यांचा आवाज जरा उतरला. "माझो धाकटो भाव. छातीत कळ इली नि गेलो. सांजपर्यंत बरो हुतो. बायको यशोदा. चेडू अपेक्षा, मालवणाक बुडवता लोकांका."

शेवटचं वाक्य घाबरण्यासारखं असलं तरी खरं आहे. अपेक्षा स्कूबा डायव्हिंगला गाईड आहे. पाऊस संपला की रोज सकाळी आचऱ्यावरून स्कूटरनं मालवणला जायचं आणि घाटावरून आलेल्या पाहुण्यांना हात धरून माशांच्या भेटीला न्यायचं, हे तिचं काम. पाण्याखाली गेल्यावर लोक बोलू शकत नाहीत, म्हणून तिला ते काम आवडतं. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती.

ओंकारनं सगळं भरलं. खाली लांबलचक मजकूर आला. त्यानं तो अंगठ्यानं वर ढकलला, ढकलला, आणि तळाशी 'सहमत' दाबलं. माझी बहीण दुसऱ्या दिवशी कुरियरनं गेली. जाताना तिनं मला काही सांगितलं नाही. तोंड भरलेलं होतं.

मग पावसाळा लागला. मला स्वयंपाकघराच्या फळीवर, सोलांच्या बरणीमागे सारलं. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. पाली मात्र नियमित येत.

श्रावणात ओंकारचा अहवाल आला. तो इराणी नव्हता. पोर्तुगीज नव्हता. तो मिठबावचा निघाला, आणि उरलाच तर देवगडचा. हे ऐकून भाईंनी फोनवर एवढंच म्हटलं, "माका इचारूचा हुता." पण अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक लाल त्रिकोण होता. हृदयाच्या ठोक्यांत बिघाड संभवतो, घराण्यात असा मृत्यू झालेला आहे, असं काहीसं. ओंकारनं ते मनाला लावून घेतलं आणि जिना चढणं सोडलं. डॉक्टरकडे मात्र गेला नाही.

त्यानंतर घरातले फोन वाजू लागले. कुणी हृदयासाठी तेल विकत होतं, कुणी हृदयासाठी ओट्स, कुणी हृदयासाठी पायात घालायच्या चपला. इथवर सगळे हसत होते. एके दुपारी यशोदेचा फोन वाजला. ती भात वेळून पेज काढत होती. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, तुमच्या मिस्टरांना जो त्रास होता, तो तुमच्या मुलीलाही असू शकतो. तुम्ही तिची काही तयारी केली आहे का?"

यशोदेनं कुणालाही आपला नंबर दिला नव्हता. नवऱ्याबद्दल ती स्वतःच्या भावाशीही बोलत नसे. तिनं फोन बंद केला, पदरानं पुसला आणि पालथा ठेवला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. भात करपला. फळीवरून मी ते सगळं पाहत होते, आणि मित्रांनो, रिकाम्या नळीलाही आतून काहीतरी भरून येऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आधी दत्ताराम आला. दत्ताराम म्हणजे अपेक्षा जिथे काम करते त्या डायव्हिंग सेंटरचा मालक. त्याच्याबरोबर निलेश होता. निलेश विम्याचा एजंट, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. दत्तारामला सगळ्या गाईडांचा विमा उतरवायचा होता, आणि अपेक्षाच्या नावापुढे लाल खूण आली होती. खळ्यात खुर्च्या मांडल्या. दसऱ्याला आलेला ओंकार होता, भाई होते, यशोदा दारात उभी होती.

"अपेक्षा, पाण्यात तुझ्यासारखा कोण नाय," दत्ताराम म्हणाला. त्याला ते बोलणं जड जात होतं. "पण ह्यो काय सांगता ता ऐक."

निलेशनं टॅब फिरवून दाखवला. "कौटुंबिक धोका आहे, ताई. हृदयाचा. असा माणूस पाण्याखाली नेता येत नाही."

"मी खंय थुकलंय?" अपेक्षानं विचारलं.

"तुम्ही नाही. तुमचे चुलतभाऊ थुंकले."

"थुकलो तो, आणि पाण्याभायर काढतास माका?"

ओंकार चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"तुमच्याकडे ही माहिती आली कुठून?" तोच मग हळूच म्हणाला. बाहेरच्या माणसाशी बोलताना तो शुद्ध बोलतो.

"वरून येते," निलेश म्हणाला. "वर कुठून येते, ते मलाही सांगत नाहीत. पण उपाय सोपा आहे. ताईंनी स्वतः टेस्ट करावी. स्वच्छ निघाली, की लाल खूण जाईल. नाही केली, तर त्यांना वगळून पॉलिसी निघेल."

वगळून म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं. अपेक्षानं किनाऱ्यावर बसून पाहुण्यांचे कपडे सांभाळायचे.

ओंकारला भरपाई करायची घाई झाली होती. तो आत गेला, सोलांची बरणी सरकवली आणि मला उचलून बाहेर घेऊन आला. "ही आसा एक कोरी."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. महिनोन् महिने पाली बघितल्यावर अचानक सगळं खळं माझ्याकडे बघत होतं. ज्यासाठी जन्मले ते आता घडणार होतं. अपेक्षानं मला हातात घेतलं. ती घाबरली होती. लाल त्रिकोण खोटा आहे असं तिला वाटत नव्हतं. वडिलांची छाती तिनं पाहिली होती.

"डॉक्टराकडे उद्या जातंय," ती म्हणाली. "छाती तपासून घेतंय. काय मशिनी लावूच्या त्या लावूंदेत. पण ह्या नळयेत मी थुकूचंय नाय."

"ताई, दोन्ही एकच आहे."

"एक कसा? डॉक्टर माका सांगता. ही नळी तुमका सांगता."

माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. माझा मोह तिथेच संपला.

भाईंना मात्र हे लांबण लागलेलं आवडेना. "वायच थुक गो बाय. थुकीचा काय इतक्या? मी रोज थुकतंय, माझा काय कमी झाला?"

अपेक्षा त्यांच्याकडे वळली. "भाईकाका, खालच्या आगरातलो पणस तोडूचो हुतो, तेव्हा तुमी काय बोललास?"

"काय बोलतलंय? सामाईक आसा. सगळ्यांची सही होई."

"सगळ्यांची म्हणजे?"

"वसईवाल्यांची, डोंबिवलीवाल्यांची, मस्कतात आसा तेची पण. एकाची रवली तरी पणस उभो."

"आणि माझ्या थुकीत कोणाचो हिस्सो नाय? अर्धो आवशीचो. अर्धो बाबांचो, म्हणजे आजयेचो नि आज्याचो. तुमचो पण आसा त्यात. मगे मी एकटी कशी देऊ?"

भाईंच्या तोंडातलं पान थांबलं.

तुम्हाला भाई माहीत नाहीत, म्हणून सांगते. सामाईक जमिनीत कुणी काही करायला निघालं, की भाई हरकत घेतात. त्यांच्या हरकतीमुळे वसईवाल्यांचा संडास पायाच्या वर आलेला नाही. देवगडच्या कचेरीत साहेब बदलतात, भाईंची हरकत तशीच राहते. हा माणूस आयुष्यभर फणसासाठी, बांधासाठी, वाटेसाठी भांडला, आणि आपल्या घरात याहून मोठी सामाईक मिळकत आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते उठले. धोतर सारखं केलं. आणि थेट कचेरीतल्या मराठीत बोलू लागले.

"सदरहू थुंकी ही सामाईक मिळकत असून, एका सहहिस्सेदारास ती परस्पर देण्याचा अधिकार नाही. माझी हरकत आहे. नोंद करून घ्या."

निलेशनं टॅबकडे पाहिलं. त्यात थुंकीवरच्या हरकतीसाठी जागा नव्हती. "काका, थुंकीला कसली हरकत?"

"तुम्ही वसईला जाऊन सही आणा. मग डोंबिवली. मग मस्कत. मग माझ्याकडे या."

"बाबा," ओंकार म्हणाला, "मगे मी थुकलंय ता काय?"

"ता अतिक्रमण," भाई म्हणाले.

दत्ताराम हसला. यशोदासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. भाई हसले नाहीत. ते खुर्चीत परत बसले आणि थोड्या वेळानं, आपल्या नेहमीच्या बोलीत, जमिनीकडे बघत म्हणाले, "नावा मात्र मीच सांगलंय. भावाचा मरण पण मीच सांगलंय. भटाक सांगतंय तसा सांगत गेलंय." अपेक्षानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

निलेशला पुढे जांभवड्याला जायचं होतं. तो दत्तारामला म्हणाला, "शेठ, तुमचं ठरवा. वगळून करूया का?"

दत्तारामनं डोकं खाजवलं. त्याच्या होड्या रंगवून तयार होत्या, बुकिंग आलेलं होतं. तो 'हो' म्हणायच्या बेतात होता. मला ते दिसत होतं, आणि मला आवाज नव्हता.

तेव्हा यशोदा दारातून पुढे आली. तिनं अपेक्षाच्या हातातून मला घेतलं, झाकण उघडलं आणि निलेशच्या समोर धरलं. तेव्हा मी पहिल्यांदा आतपर्यंत हवा घेतली.

"तुमी थुका आदी," ती म्हणाली.

"मी?"

"थुकीचा काय इतक्या? तुमचा काय येता ता बघूया. सगळे हयसरच आसत."

निलेश खुर्चीसकट मागे सरकला. "मला नको, काकी."

"कित्याक नको?"

त्यानं टॅब मांडीवर उलटा ठेवला. शर्टाच्या इस्त्रीतला माणूस जरा बाहेर आला. "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय," तो म्हणाला. "कणकवलीचे लोक आहेत. आमच्या आईला विसरण्याचा आजार होता. ते कुठे जायला नको."

सांगून झाल्यावर आपण काय सांगितलं ते त्याला कळलं. यशोदेनं हळूच झाकण लावलं. "खंय जावचा नाय," ती म्हणाली. "हयसरच रवतला." आणि ते तिथेच राहिलं. मीही इथे सांगतेय ते त्याचं नाव बदलून.

दत्ताराम उठला. "निलेश, ही थुकली तर तुझा चेडू पण थुकतला, आज नाय तर उद्या. ती डॉक्टराचा सर्टिफिकेट आणतली. चलात तर सगळ्यांका घे, नाय तर माझ्या एकाक पण घेव नको."

"मी वर विचारतो," निलेश म्हणाला.

"इचार. वरच्यांका सांग, आमी पाण्याखाली आसतलंव."

वरच्यांनी नाही म्हटलं. दत्तारामनं दुसरीकडे विमा उतरवला. त्यांना डॉक्टरचा कागद चालला.

निलेश गेला त्याच दिवशी ओंकारनं अ‍ॅप उघडून सगळं पुसून टाका म्हणून कळवलं. कंपनीचं उत्तर फार नम्र होतं. तुमची माहिती आम्ही काढून टाकत आहोत. जी आमच्या भागीदारांकडे आधीच गेली आहे, ती मात्र परत बोलावता येत नाही. भागीदार कोण, ते लिहिलं नव्हतं. माझ्या बहिणीबद्दल एक ओळ होती, नमुना योग्य प्रकारे नष्ट केला जाईल. कधी, ते लिहिलं नव्हतं. ती अजून कुठल्यातरी फ्रीजरमध्ये उभी असेल, पोटात ओंकार, यशोदेचं दुःख, आणि हट्टानं गेलेला एक म्हातारा घेऊन. भाईंनी त्या भागीदारांवरही हरकत घेतली आहे. पत्ता नसल्यामुळे ती त्यांच्या खिशात आहे. पत्ता मिळाला की ते जातील. मी त्यांना ओळखते.

मला कुणी फेकलं नाही. अपेक्षानं माझ्यातलं निळं पाणी ओतून दिलं, मला धुऊन वाळवलं, आणि आता माझ्यात हवेच्या टाकीच्या तोंडाला बसणाऱ्या बारीक रबरी कड्या असतात. रोज होडीत असते मी. एक कडी फाटली की माझं झाकण उघडतं, दुसरी निघते, आणि कुणाचा तरी श्वास सुटत नाही. माझ्या जातीतल्या किती जणींना असं काम मिळालं असेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी अशा एखाद्या नळीसमोर बसाल. ती कोरी असेल, स्वच्छ असेल, आणि तिच्या खोक्यावर माणसं हसत असतील. मी तिची जातभाई आहे, म्हणून तिच्याकडूनच सांगते, की आम्हाला पोट आहे, पण आम्हाला पाठ नाही. आमच्या पोटात जे जातं ते कुठून कुठे जातं, ते आम्हाला धरून ठेवता येत नाही. तुमच्या एका पिचकारीत तुमची आई आहे, मेलेले आहेत, अजून जन्मायचे आहेत. त्यांच्यातला एकही त्या टेबलाशी बसलेला नसतो. छातीत दुखलं तर डॉक्टरकडे जा, लगेच जा, लाजू नका. पण कुणी खुर्चीत बसून थुंका म्हणालं, तर आधी नळी त्याच्या पुढे करा. आणि तरीही नको वाटलं, तर नाही म्हणा. कारण द्यायची गरज नाही.

राहता राहिलं अपेक्षाचं. ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली. मी तिच्या पिशवीत होते. तिच्या छातीवर वायरी लावल्या, मशीनचा पडदा उजळला, डॉक्टर बराच वेळ बोलले, आणि तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी काय सांगितलं, ते मी शब्दन् शब्द ऐकलं आहे.

ते तिचं आहे. मी सांगणार नाही.